छत्तीस खडे

बाई, परवाच्या रविवारी मी आपल्या डोंगरावर जाऊन आलो. वांबोरी घाटाच्या अलीकडचं वन खात्याचं रान आणि त्यातल्या त्या तीन टेकड्या. आम्ही पोरं त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणायचो. आता तिथं कमान आहे, गाड्या लावायला जागा आहे, सिमेंटची बाकं आहेत आणि मोरांना खाऊ घालू नका अशी पाटीही आहे. मी नगरला राहतो. आमच्या सोसायटीतल्या पंधरा-वीस जणांचा एक ग्रुप आहे, महिन्यातून एकदा कुठंतरी चालायला जातो. सगळे पन्नाशीच्या पुढचे, सगळ्यांचे बूट नवे आणि गुडघे जुने. तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं होत आली. तरी आज हे तुम्हांला लिहायला बसलोय, कारण परवा त्या डोंगरावर मी तुमचं नाव पुन्हा एकदा खराब केलं, आणि या वेळी मी तेरा वर्षांचा नव्हतो.

चढ काही मोठा नाही. सह्याद्रीत हिंडणारे लोक याला डोंगर म्हटलं तर हसतील. पण रान खूप वाढलंय, बाई. आपण जायचो तेव्हा थोरल्या टेकडीवर सावलीला एक कडुनिंब आणि चार हिवराची झाडं होती, बाकी नुसतं कुसळी गवत. आता पायथ्यापासून सीताफळी, करंज आणि खात्यानं लावलेलं गिरिपुष्प असं दाटलंय की वर पोचेपर्यंत आभाळ तुकड्यातुकड्यानं दिसतं. थोरल्यावरून मात्र अजून तसंच दिसतं. उत्तरेला कालव्याखालचं उसाचं हिरवं, त्यात कारखान्याचं धुराडं, आणि तुम्ही बोट दाखवून म्हणायचात ती आपल्या गावाची दिशा. "सोनईचा रस्ता धरा डोळ्यांनी, आता डावीकडं या, ती बघा आपली शाळा." शाळा कुणालाच दिसायची नाही, पण सगळे दिसली म्हणायचे. मी सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचो.

तिथंच कडुनिंबाखाली आम्ही भेळ खायला बसलो आणि शाळेच्या सहलींच्या गोष्टी निघाल्या. कुणी शिर्डीला गेलेला, कुणी अजिंठ्याला. माझी पाळी आल्यावर मी तुमची गोष्ट सांगितली. आमच्या बाई पोरांना देवळात नेत नसत, म्हणत, "देव तुम्हांला आईबाप दाखवतील, डोंगर मी दाखवते." दर वर्षी दिवाळीची सुट्टी संपली की टेम्पो ठरवून इथं आणायच्या. उतरल्या उतरल्या प्रत्येक पोरानं पायथ्याचा एक खडा उचलायचा, दिवसभर तो सांभाळायचा, आणि परत खाली आल्यावर बाईंच्या खणाच्या पिशवीत टाकायचा. जितके खडे तितकी पोरं. सगळ्यांना हे फार आवडलं. आमच्या ग्रुपचे म्होरके, निवृत्त बँकवाले, गळ्यात शिट्टी घालून हिंडतात, त्यांनी विचारलं, "भारीच की! मग कधी चुकल्या नाहीत बाई?"

आणि मी म्हणालो, "एकदा चुकल्या ना. एक पोरगी वरच राहिली." असं म्हणून हसलो. मी हसलो म्हणून सगळे हसले.

नाही चुकलात तुम्ही. त्या दिवशी पिशवी माझ्या हातात होती. मी वर्गाचा मॉनिटर, पायथ्याशी टेम्पोजवळ उभा राहून खडे गोळा करत होतो. आम्ही मला धरून छत्तीस जण होतो. पोरं आली, खडे टाकले, आणि मी पिशवीत हात घालून मोजले तर माझा धरून पस्तीस. परत मोजले, पस्तीसच. रांगेकडं पाहिलं तर शेवटची ती मुलगी नव्हती, जी नेहमी शेवटी असायची, कुणाशी बोलायची नाही आणि जिच्या पायात भावाच्या मोठ्या चपला असायच्या. कोण राहिलं हे मला कळलं होतं, बाई. पुढं कित्येक वर्षं मी मनाशी म्हणत आलो की कुणाच्या तरी हातून खडा पडला असेल असं मला वाटलं होतं. ती थाप आहे. खडा पडला असता तर पोरगी रांगेत दिसली असती.

कारण सांगायचीही लाज वाटते. टेम्पोवाल्यानं सकाळीच मला सांगितलं होतं, "मानिटर, जाताना तू म्होरं बस माज्याजवळ. घाटात हॉर्न तू वाजव." राहिलेल्या पोरीला हुडकायला वर कोणाला धाडलं जाणार हे मला ठाऊक होतं. मॉनिटरलाच. तोवर दुसरा कुणीतरी त्या जागेवर बसला असता. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो, पायाशी पडलेला एक खडा उचलला आणि पिशवीत टाकला. मग पिशवी तुमच्याकडं आणून दिली. तुम्ही माझ्यावर सोडून दिलं नाहीत. पदर पसरून त्यावर खडे ओतलेत आणि एकेक मोजलात. छत्तीस भरले. तुम्ही म्हणालात, "शाबास, चला." ती शाबासकी घेऊन मी पुढच्या जागेवर जाऊन बसलो.

हॉर्न मी वाजवला. घाटात दोनदा आणि खाली उतरल्यावर उगीचच एकदा. चहासाठी टेम्पो नाक्यावर थांबला तेव्हा तुम्ही मागं पोरांत बसला होतात, आणि तुमच्या पायाशी एक जर्मनचा डबा राहिला. "कोणाचा रे हा?" म्हणून तुम्ही विचारलंत. तो त्या राहिलेल्या मुलीचा होता. मी पुढच्या जागेवरून मागच्या काचेतून वळून पाहत होतो. तुमचा चेहरा कसा झाला हे पाहिलेला मी एकटाच. टेम्पो परत फिरला तेव्हा ऊन डोंगरावरून निघून गेलं होतं. टेम्पोवाला म्हणाला, "बाई, तुमी ऱ्हावा, मी जातो." तुम्ही म्हणालात, "पोरगी मला ओळखते." आणि त्याची बॅटरी घेऊन एकट्या वर गेलात. छत्तीसातले आम्ही पस्तीस टेम्पोत बसलो होतो. मी अजून पुढच्याच जागेवर होतो. कुणी उठवलं नाही, आणि उठायचं मला सुचलं नाही.

ती मधल्या टेकडीच्या खाली सापडली. चप्पल तुटली होती, टाचेत बोरीचा काटा मोडला होता, म्हणून बसून राहिली होती. तिला पाठुंगळी घेऊन तुम्ही उतरत होतात आणि मुरमाच्या घसरटीवर पाय गेला. तिला खरचटलंसुद्धा नाही. तुमचा घोटा दोन ठिकाणी मोडला. पुढं आयुष्यभर तुम्ही उजवा पाय ओढत चालायचात आणि शाळेच्या चार पायऱ्या चढताना भिंतीला हात लावायचात. वर्गात बसल्या बसल्या मला तो हात खिडकीतून दिसायचा. दोन दिवसांनी त्या मुलीला आम्ही विचारलं, "भ्याली न्हाईस का गं?" ती म्हणाली, "कशाला भेऊ? माजा खडा माज्याजवळच हुता की. मंजी बाईंना एक कमी पडनार. येनारच हुत्या त्या." असं ती अगदी सहज म्हणाली, जसं दोन आणि दोन चार म्हणावेत.

गावात काय काय बोललं गेलं ते तुमच्या कानावर आलंच असेल. तुम्ही आम्हांला गणित शिकवायचात, त्यामुळं लोकांना आयतंच सापडलं. "पोरं मोजता येत न्हाईत, त्या बाई गनित काय शिकवनार?" असं पारावर रोज कुणीतरी म्हणायचं आणि बाकीचे माना डोलवायचे. पालकांच्या सभेला तुम्ही प्लॅस्टर घातलेला पाय घेऊन आलात. हेडमास्तरांनी सगळ्यांदेखत विचारलं आणि तुम्ही एवढंच म्हणालात, "मोजण्यात माझी चूक झाली." मी दाराशी सतरंज्या घालायला उभा होतो. मी पुढची सतरंजी उलगडली. सहल त्या वर्षापासून बंद झाली. आमच्या मागून आलेल्या पोरांनी तो डोंगर पाहिलाच नाही.

त्यावर कडी म्हणजे तुमचा डबा. तुम्ही एकट्या राहायचात, म्हणून माझ्या आईनं तुमच्यासाठी भाकरी धाडायला सुरुवात केली, आणि घेऊन यायचो मी. महिना-दीड महिना, एक दिवस न चुकवता. येताजाता लोक म्हणायचे, "लई गुनाचं पोरगं हाय." चोराच्या मनात चांदणं, तसं मला वाटायचं की हे मला टोमणा मारतायत. ते खरंच कौतुक करत होते, आणि तेच मला जास्त लागायचं.

तुमची ती खोली मला अजून डोळ्यांपुढं दिसते. कोपऱ्यात स्टोव्ह, पत्र्याच्या पेटीवर ठेवलेला पाय, खुंटीला ती खणाची पिशवी. तुम्ही खाटेवर बसून मेथी निवडताय. मी डबा ठेवून निघालोय आणि तुम्ही खाली मान घालूनच म्हणता, "जरा ती पिशवी काढ रे. खडे मोज बघू." मी काढतो. जमिनीवर ओततो, पाच-पाचाच्या रांगा लावतो. पाचाच्या सात रांगा होतात आणि दोन उरतात. सदतीस. त्या पोरीच्या मुठीतला तिचा खडा तुम्ही नंतर त्यांत टाकला होतात, हे माझ्या तेव्हाच ध्यानात येतं. तुम्हांला सगळं कळलंय. पोरं छत्तीस आणि खडे सदतीस, हे गणित तुमच्यासारखीला कितीसं अवघड? तुम्ही अजून वर पाहत नाही, काड्या बाजूला टाकताय, पानं सुपात. मला वेळ देताय. स्टोव्हवर पाणी उकळायला लागलंय एवढाच आवाज आहे. आणि मी म्हणतो, "छत्तीस आहेत, बाई."

तुम्ही म्हणालात, "बरं. ठेव परत." मग निवडलेल्यातली अर्धी मेथी वर्तमानपत्रात बांधून माझ्या हातात दिलीत. "आईला दे. तिला आवडते ना?"

ती भाजी मी घरी नेली आणि आईनं त्याच दिवशी केली. मी जेवलो नाही, पोट दुखतंय म्हणालो. तुम्ही मला मारलं असतंत, मॉनिटर म्हणून काढलं असतंत, आईला सांगितलं असतंत, तर मी रडून मोकळा झालो असतो. तुम्ही यांतलं काहीच केलं नाहीत. दहावीपर्यंत मॉनिटर मीच राहिलो. दर वर्षी तुम्ही वर्गात माझं नाव घ्यायचात आणि मी उभा राहायचो. मला वाटतं, तुम्ही वाट पाहत होतात. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी तुमच्या बेलापूरच्या घरी आलो होतो, तिथं माणसं बरीच होती. तुमच्या भाचीनं विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हणालो, "विद्यार्थी." आणि मला वाईट वाटायच्या आधी सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहून टाकतो, आता राहिलंय काय झाकायचं.

परवा भेळ आटोपल्यावर आम्ही मधल्या टेकडीवरून उतरलो. त्या घसरटीला आता पायऱ्या आहेत आणि लोखंडी कठडा. मी कठडा धरून थांबलो. म्होरक्यांनी विचारलं, "काय, गुडघा का?" मी हो म्हणालो. तिथं सांगता आलं असतं. गोष्ट ताजी होती, सगळे ऐकणारे सज्जन होते, कुणी मला फासावर देणार नव्हतं. मी गुडघा चोळत उभा राहिलो. खाली गाड्यांपाशी कुणीतरी मागं राहिलं होतं, तर शिट्टी वाजवून ते ओरडले, "मोजा रे नीट, नाहीतर खडेवाल्या बाईंसारखं व्हायचं!" पुन्हा हशा झाला. काल ग्रुपवर फोटो आले, त्यांतल्या एकाखालीसुद्धा कुणीतरी तेच लिहिलंय. हे आता आमच्याकडं रूढच होणार. दर महिन्याला मोजणी होणार, दर महिन्याला तुमच्यावर हसणार, तुम्हांला कधी न पाहिलेली माणसं.

सकाळपासून मी फोनवर दोन ओळी लिहितोय. "त्या गोष्टीत चूक बाईंची नव्हती, माझी होती." चारदा लिहिल्या आणि चारदा पुसल्या. लिहिलं की वाटतं, पुढच्या महिन्यात हे लोक माझ्याकडं कसं बघतील. वय बावन्न, आणि भीती तीच. तुम्हांला लिहिणं सोपं, कारण तुम्ही वाचणार नाही, आणि हा कागद मी कुणाला दाखवणारही नाही. सकाळी परवाच्या पँटच्या खिशात हात घातला तर एक खडा निघाला. डोंगराच्या पायथ्याशी उतरल्यावर मी तो सवयीनं उचलला असणार. माझं मलाच कळलं नाही.

तो आता टेबलावर ठेवलाय. त्या दोन ओळी आज जातील की नाही ते मला सांगता येत नाही. पण तुम्ही मेथी निवडत मला एक गोष्ट विचारली होतीत आणि मान खाली घालून थांबला होतात. तिचं उत्तर देतो.

सदतीस होते, बाई.