परतीचा फोन

३ जून
निघालो होतो आग्र्याला. ग्वाल्हेरला गाडी थांबली, कचोरीचा वास आला, उतरलो, गाडी गेली. बरंच झालं. दौलतगंजात खोली मिळाली. मालकीण सुधाकाकू, आपली मराठी, एकटीच राहते. पोळ्या काय मऊ! ताटं मात्र दोन वाढतात, एक माझं, एक गेलेल्या नवऱ्याचं. ह्यांना एकट्याला जेवण जात नाही, म्हणाल्या. नवऱ्याचा मोबाइलही फळीवर रोज चार्ज करून ठेवतात. मला काय, मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

५ जून
नोकरी! काकूंनीच शब्द टाकला. सिटी सेंटरला ऑफिस, एसी, गोल फिरणारी खुर्ची. साहेब हेमेंद्रभैय्या. शिवपुरी रोडच्या बाजूला टेकडीवर एक लोखंडी खोली आहे, आत नेटवर्कची मशिनं. सगळे तिला पेटी म्हणतात. मेन लाइन तुटली की पेटीपर्यंत पोचायला रस्ता एकच, जुन्या टेलिफोनच्या तारेवरचा मॉडेम. इथून नंबर फिरवायचा, तो तिकडे उचलतो, किर्र किर्र करतो, पासवर्ड दिला की मशिनं आपल्या हातात. दारसुद्धा मग तसंच उघडायचं, तेव्हा आतलं बटण चालत नाही.

बॅटऱ्या चोरीला गेल्यापासून एक नियम आहे. पेटीचं दार उघडा असा फोन आला तर आवाजावर भरवसा ठेवायचा नाही. फोन ठेवायचा, त्या माणसाच्या नोंदलेल्या मोबाइलवर आपण परत करायचा. तो स्वतः बोलला तरच दार. भैय्या म्हणाले, नियम मतलब नियम. आणि आत जाणाऱ्याने दारात दगड ठेवावा, लफडंच नको. मी माझा नंबर नोंदवला आणि खुर्ची फिरवत बसलो.

९ जून
पेटीच्या लाइनवरून फोन. थकलेला आवाज. महिपतराव बोलतोय, दार उघडा रे, फार गरम होतंय. नियमाने ठेवला, यादीतल्या त्यांच्या मोबाइलवर केला. वाजत राहिला. उघडलं नाही. भैय्या म्हणाले, कुणी चेष्टेखोर आहे, दर उन्हाळ्यात येतो, मजा घे. पुन्हा आला तेव्हा मी म्हटलं, काका, पंखा लावा ना. भैय्या हसून हसून लाल. मग मी जरा सराफ्याकडे भटकून आलो, तर तेच भैय्या ओरडले, कामचोर आहेस, एक दिवस घरी जेवताना सापडशील.

१० जून
जेवताना काकूंना किस्सा सांगितला. त्यांचा हात वाढता वाढता थांबला. मग भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. महिपतराव म्हणजे त्यांचेच यजमान. पेटीत अडकले, एसी बंद, मोबाइल घरी फळीवर राहिलेला. आतल्या फोनवरून ऑफिसला विनवत होते. हेमेंद्र नियमाने मोबाइलवर परत करत होता. काकू उचलून रडत होत्या, ते आतच आहेत, उघड. तो म्हणे, त्यांना स्वतः बोलू द्या. संध्याकाळपर्यंत हेच. बाहेर काढलं तेव्हा पाठीचं कातडं पत्र्यालाच राहिलं. आता तो मोबाइल वाजला तर त्या उचलत नाहीत, नुसत्या बघतात.

मला म्हणाल्या, पुन्हा फोन आला तर एकदाच उघड, त्यांना बाहेर येऊ दे. मी आईची शपथ घेतली.

१२ जून
आला. भैय्या शेजारीच होते. उघडलं असतं तर नोकरी गेली असती, आणि खुर्ची छान आहे. ठेवला, नियमाने मोबाइलवर रिंग दिली. घरी सांगितलं, आज फोनच नाही आला. काकू म्हणाल्या, बरं. ताट वाढलं. अंथरुणावर पडल्यावर डोक्यात आलं, मी दिलेली रिंग इथेच वाजली असणार, फळीवर, त्यांच्यासमोर.

१४ जून
मेन लाइन तुटली. भैय्यांनी मला पेटीवर पिटाळलं. रस्त्यात मोर दिसले, त्यांच्या मागे थोडा वेळ गेला. मोबाइल घरी राहिलाय. सकाळी काकूंनीच चार्जिंगला लावला, फळीवर, त्या दुसऱ्याशेजारी.

दारात दगड ठेवला होता. मोठा. दार लागलं. दगड आत आहे, माझ्या पायाशी. मी नाही आणला.

—

पेटीच्या फोनवरून भैय्यांना सांगितलं. म्हणाले, ठेव, तुझ्या मोबाइलवर करतो. मोबाइल घरी आहे सांगत होतो तोवर ठेवलाही. फोन आणि मॉडेम एकाच तारेवर, मी फोन धरून बसलो तर मॉडेमला लाइन मिळणार नाही. म्हणून ठेवला. मॉडेम गप्प. एसी बंद. पत्र्याला हात लागत नाही.

—

पुन्हा केला. भैय्या चिडलेले. माझा मोबाइल काकूंनी उचलला म्हणे. अंशुल केव्हाच परत आलाय, जेवतोय, तोंडात घास आहे, असं म्हणाल्या. वाटलंच होतं मला, म्हणाले. मग मला विचारलं, तू कोण रे. मी ओरडलो, मीच, मीच अंशुल —

म्हणाले, काका, पंखा लावा. हसले. ठेवला.

—

आता उचलतच नाहीत. पेन घामाने — भिंतीवर एके ठिकाणी काळं, माणसाच्या पाठीएवढं. मी तिकडे बघत ना—

—

फोन वाजला. भैय्या असतील म्हणून झेप घेतली —
सुधाकाकू. जेवायला हाक मारतात तसाच आवाज. ताट वाढलंय, म्हणाल्या. ह्यांना एकट्याला जेवण जात नाही, तू बस जवळ.

मशिनांच्या मागे कुणीतरी सरकतंय. जागा करून देतंय. पत्र्यावरून काहीतरी सोलून निघाल्याचा — इकडे —

हात गरम आ