कोरडे हात

प्रिय चिमणे,

त्या बाईला मी हात पुसता पुसता थांबवून ठेवलं आहे. डावीकडच्या पडद्यावर जुना चित्रपट, उजवीकडे आमचा नवा. नाटक तेच, तिसरा अंक तोच. नवरा विचारतो, ‘इतके दिवस कुठे होतीस?’ आणि ती धडधडीत खोटं बोलते.

जुन्यात ती खिडकीकडे तोंड करते. आपल्याला फक्त पाठ दिसते, आणि आवाज इतका साधा की आपणही फसतो. तुझे भावजी या जागेला कायम हसत आले. म्हणायचे, दिग्दर्शक घाबरट, बाईचा चेहराच दाखवत नाही. म्हणून त्यांच्या चित्रपटात ती समोर उभी राहते. उत्तर देते, आणि हात ओले नसताना टॉवेलने पुसते. एकेक बोट, सावकाश. संकलन मी करते आहे. दृश्य लांबतंय म्हणून तेवढा तुकडा काढला, तर भावजी चिडले. एरवी माझ्या कात्रीपुढे त्यांचं काही चालत नाही, हे तुला ठाऊक आहे. ‘बाकी काहीही काप,’ म्हणाले, ‘हे हात राहू देत.’

कुणाला सुचलं, विचारलं. नटीला, म्हणाले. नटी डबिंगला आली तेव्हा मी सहज कौतुक केलं. ती हसली. ‘अहो, माझं कसलं! सरांनीच करून दाखवलं. टॉवेल असा धर, असा नाही. जीव खाल्ला माझा.’

नाटकात हे कुठेच नाही. आपल्या घरात आहे. लहानपणी आई तुला काही विचारायची तेव्हा तोंडाकडे बघायची नाही, हातांकडे बघायची. दर वेळी तू कशी सापडतेस ते तुला कधीच कळलं नाही. मीही सांगितलं नाही. भावजींना तर मुळीच नाही. आई गेली तेव्हा आमचं लग्नही झालं नव्हतं.

तुला हात पुसताना पाहणारे पुष्कळ असतील. पण हे खोटं बोलतानाचे हात आहेत, एवढं ओळखायला आधी खरं माहीत असावं लागतं.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या स्वयंपाकघरात मी विचारलं होतं, फोन बंद ठेवून होतीस कुठे? ‘ऑफिसचं काम होतं. ताई, तू पोलिसात हवी होतीस,’ म्हणालीस आणि कोरडे हात पुसलेस. मला गंमत वाटली. असेल कुणीतरी, सांगेल सवडीने. भावजी टेबलाशी संत्रं सोलत होते. चित्रीकरणाच्या जागा बघून त्याच सकाळी परतले होते. त्यांनी मान वर केली नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं.

तुला फोन करून उद्या सकाळी इथे बोलावलं आहे ते यासाठी. दोन्ही चित्रपटांतली ती जागा बघ आणि कुठली बरी ते सांग, एवढंच म्हटलं. मी काही विचारणार नाही. पडद्याकडेही बघणार नाही. हे आजच लिहून ठेवते, कारण उद्या तू रडलीस तर मी तुला जवळ घेईन आणि यातलं एक अक्षर बोलू शकणार नाही. माझा संशय खोटा निघाला तर पत्र फाडून टाकेन. तुला कळणारही नाही.

तुझीच,
ताई

सकाळी तू आलीस. त्या बाईने टॉवेल उचलला तेव्हा तू दोन्ही हात मांड्यांखाली घेतलेस. निघताना म्हणालीस, जुनाच बरा आहे.