लँड म्हणजे जमीन नव्हे

विजयदुर्ग, खालची वाडी
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

चि. कौस्तुभ यास,
अनेक आशीर्वाद.

गुरुवार, ३० जानेवारी रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तहसीलदारांसमोर तुझं भाषांतर मोठ्याने वाचलं गेलं आणि त्या मिनिटापासून आपली वाडी हरू लागली. वेळ मी घड्याळात बघून लिहून ठेवली आहे. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईच्या भाच्याने, तोही मुंबईत भाषांतरावर पोट भरणाऱ्या भाच्याने हे करावं, याचा मला आधी राग आला आणि मग लाज वाटली. सध्या पुन्हा राग आहे.

आपण अर्ज कशासाठी केला होता? किनाऱ्यावरच्या नव्या हॉटेलची भिंत आपल्या वाटेत आडवी येते, ती थांबवावी म्हणून. पुरावा एकच, माझ्या आजोबांना १९०८ साली बंदरावरच्या साहेबाने दिलेला कागद. त्यातली कामाची ओळ अकरा शब्दांची आहे: "द राइट टू लँड ॲट एनी टाइड, अँड द वे अप." तू लिहिलंस, "भरती-ओहोटीच्या रेषेपर्यंतच्या जमिनीचा हक्क, वरील रीतीने."

तहसीलदार सरळ म्हणाले की जमिनीची मालकी ठरवणं माझ्याकडे नाही, सातबारा असेल तर दिवाणी कोर्टात जा. हॉटेलचा वकील इतका प्रसन्न झाला की त्याने तुझ्या बापाला बसायला खुर्ची दिली. पुढची तारीख २५ फेब्रुवारी. तोवर भिंतीचं काम बंद आहे, नंतरचं कोणी सांगत नाही.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू हो आत्या, हो आत्या म्हणतोस आणि जेवायला जातोस. कागदावर उत्तर दे. माया आहे, पण सध्या ती दाखवायला मला सवड नाही.

तुझी,
विमलआत्या

ठाणे
शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पाकीट उघडण्याआधीच ते गरम लागत होतं. तुझ्या भाचसुनेने, शर्मिलाने, ते वाचलं आणि विचारलं की शाळेत पोरं तुमच्या आत्याच्या वर्गात श्वास घेत होती का. मी सांगितलं, परवानगी घेऊन.

माझी बाजू ऐक. "राइट टू लँड" म्हणजे जमिनीचा हक्क असा अर्थ होऊ शकतो. मी रोज असले कागद बघतो. "टू"च्या पुढे नाम येतं, "लँड" हे नाम आहे, यात काय चुकलं? "द वे अप" मला लागलं नाही, हे कबूल. एकीकडे वाट, एकीकडे वर, मध्ये जोडायला काहीच नाही. मला वाटलं कारकुनाचा शब्द गळला असेल.

आणखी एक कबूल करतो. कागद पाठवला त्या दिवशी बाबांचा फोन आला होता. म्हणाले की बरा लिही रे, जमीन आमची आसा असाच लिही. आमी दर्याचे, पायाखाली आमचा म्हणान काय आसा? आत्या, त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. मी खोटं लिहिलं नाही. पण दोन अर्थ समोर असताना त्यांना हवा होता तो मला आधी दिसला.

तुझं म्हणणं वेगळं असेल तर ते मला व्याकरणाने पटवून दे. सही करून दिलेलं भाषांतर आत्या रागावली म्हणून बदलता येत नाही. मोठ्यांना नमस्कार. तुझा राग उतरला की आशीर्वाद पाठव, मी थांबतो.

कौस्तुभ

विजयदुर्ग
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

चि. कौस्तुभ,
आशीर्वाद. राग उतरलेला नाही, तरी पाठवते.

व्याकरणाने पटवून हवं ना, मग बस. आपल्या भाषेत क्रियापद नामाच्या आधी येतं आणि नमून येतं. उतरण्याचा हक्क, जाण्याची वेळ, सांगण्याचं धाडस. "ण्याचा", "ण्याची" ही शेपूट लावल्याशिवाय आपण त्याला नामाजवळ उभं करत नाही. इंग्रजीत नाम पुढे चालतं आणि क्रियापद मागून येतं, मध्ये एवढासा "टू". "परमिशन टू गो", "टाइम टू ईट", "राइट टू लँड". लँड म्हणजे होडी किनाऱ्याला लावणं. जमीन नव्हे.

दोन अर्थ होतात, हे तुझं खरं. म्हणूनच पुढचं वाचायचं असतं. "ॲट एनी टाइड." भरती असो की ओहोटी, कधीही. जमीन भरतीला येते आणि ओहोटीला जाते का? भरती-ओहोटी बघून उतरते ती होडी. शिवाय साहेबाला ही समोरची जमीन म्हणायची असती तर "लँड"च्या आधी "द" आला असता. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर "द" विसरणाऱ्या मुलीला उभं करायच्या. तुला कोणी उभं केलं नाही, हेच चुकलं.

आता "द वे अप". तू म्हणतोस शब्द गळला. काही गळलेलं नाही. आपण परतीचा प्रवास म्हणतो, ते म्हणतात "द जर्नी होम". आपण पुढची वर्षं म्हणतो, ते म्हणतात "द इयर्स अहेड". आपल्याला "ची", "चा" लागतं. ते नाम ठेवतात, त्यामागे नुसती दिशा ठेवतात आणि निघून जातात. हे मी शेकडो पोरांना शिकवलं, पण त्यात काही थोर आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. रविवारी वाटलं.

संध्याकाळी मी घरासमोरच्या खळ्यात कागद मांडीवर घेऊन बसले होते. तुझी आई मासळीची पाटी घेऊन किनाऱ्यावर उभी होती. तिने खालून हाक दिली, गो वन्सं, पानी तापत ठेव, मी वयापान येतंय.

कौस्तुभ, किनाऱ्यावरून घराकडे येणारी ती चढण म्हणजे आपल्या वाडीत वयाप. माझी आजी म्हणायची वयाप, मी म्हणते, तू लहानपणी पडून गुडघा फोडलास तोही वयापावर. कोकणात पाणंदी पुष्कळ, पण वयाप दुसरीकडे कुठेही नाही. हा शब्द कुठला, असं आजवर कोणी विचारलं नाही. माझ्या मांडीवर लिहिलेलं होतं, "वे अप".

मी उठले नाही. पाणी तापत ठेवायचं राहिलं. माझ्या आजोबांना सही येत नव्हती. त्यांना कोणीतरी ही ओळ वाचून दाखवली असेल, आणि त्यातलं हक्काचं तेवढं त्यांनी तोंडात धरलं. पेटीतल्या कागदाला वाळवी लागली, पण शब्दाला लागली नाही. इंग्रजीतलं एक नाम आणि एक क्रियाविशेषण, डोक्यावर पाटी घेतलेल्या बायकांनी एकशे सतरा वर्षं रोज वर आणलं. मी चौतीस वर्षं ज्याला नियम म्हणत आले, त्याच्यावर माझं घर उभं होतं.

तुझ्या बापाला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला की माका जमीन व्हयी, वाट नको. आणि उठून गेला.

भाषांतर दुरुस्त कर. वाटेचा निवाडा तहसीलदार करू शकतात, जमिनीचा नाही. तुझ्यावरचा लोभ पूर्वीइतकाच आहे, तुझ्या मराठीवरचा थोडा कमी.

विमलआत्या

ठाणे
शनिवार, १५ फेब्रुवारी २०२५

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा शर्मिलाला मोठ्याने वाचून दाखवलं आणि "वयापान येतंय"शी थांबावं लागलं. मी रोज दहा-बारा पानं भाषांतर करतो. ज्या दोन शब्दांवरून मी शाळेत गेलो, ते समोर आले तेव्हा मी त्यांना कारकुनाची चूक ठरवलं.

तू बरोबर आहेस. पण दोन अडचणी आहेत. माझं भाषांतर चुकलं होतं असं प्रतिज्ञापत्र मला द्यावं लागेल, आणि ते ऑफिसात कळलं तर माझ्याकडे कोर्टाचे कागद येणं बंद होईल. ती अडचण माझी, मी बघेन. दुसरी बाबांची आहे. मी दुरुस्ती केली की अर्जातून जमीन कायमची जाईल. माझ्या हाताने त्यांच्या पायाखालचं काढून घ्यायचं, तेही त्यांनी नको म्हटल्यावर, हे माझ्याने होणार नाही. त्यांचा होकार येईपर्यंत मी पेन उचलत नाही. रागाव, पण एवढं समजून घे.

कौस्तुभ

विजयदुर्ग
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५, सकाळी साडेनऊ

चि. कौस्तुभ,
आशीर्वाद, या वेळी विनाअट.

तुझं पत्र काल दुपारी आलं. मी ते तुझ्या बापासमोर ठेवलं आणि काही बोलले नाही. मी काही बोलले नाही यावर तुझ्या आईचा अजून विश्वास बसत नाही. त्याने ते ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग उठून खाली गेला. मी खळ्यातून बघत होते. भिंतीचा पाया वयापाच्या दोन हातांवर येऊन थांबला आहे, तिथे तो बराच वेळ उभा होता. वर आला तेव्हा त्याने विचारलं की होडी लावूक मिळाली आणि वर येवक वाट नाय, तर माणसान रवाचा खंय? मी म्हटलं, पाण्यात. तो म्हणाला, तां तर आमचाच आसा.

मग त्याने माझ्याकडून पेन मागून घेतलं. अर्जाच्या नव्या प्रतीत "जमीन" हा शब्द चार ठिकाणी होता. चारही ठिकाणी त्याने तो आपल्या हाताने खोडला आणि बाजूला सह्या केल्या. चौथ्या वेळी हात थांबला होता. मी दुसरीकडे बघितलं.

खोडलेल्या चारही जागा कोऱ्या आहेत. तिथे काय लिहायचं ते तुझ्या बापाला येत नाही आणि मी लिहिलं तर कचेरीत चालत नाही. दुरुस्त भाषांतर आणि तुझं प्रतिज्ञापत्र, दोन्ही सहीशिक्क्यासह, स्पीड पोस्टाने, शनिवार २२ फेब्रुवारी दुपारी बाराच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. फोन चालणार नाही. लेखी.

विमलआत्या