सलीमच्या नावापुढचं शून्य

९ नोव्हेंबर, रविवार

हरलो. पाच कॅच सुटले. बॅटिंग बरी, बोलिंग बरी. हात लोण्याचे.

संध्याकाळी आप्पा आले. क्लबचे सेक्रेटरी. खुर्चीत टेकायच्या आधीच सुरू. "वैनी, राग मानू नका. सरांनी बावीस वर्षं ह्या टीमला फिल्डिंग शिकवली. आता तुम्ही शिकवताय. तरी कॅच सुटत्यातच की. शिकवून हात सुधारत न्हाईत. तरणी पोरं घ्यायला पायजेत."

विचारलं, काढणार कुणाला.

"सलीमपासनं सुरुवात. एकेचाळीस झाली त्याला."

व. जाऊन चार महिने झाले; माझे व., टीमचे सर. सलीम त्यांच्या पहिल्या तुकडीतला. आता त्या तुकडीतला तेवढाच उरलाय. म्हटलं, वही बघून ठरवा. फेब्रुवारीच्या सभेपर्यंत दर मॅचचे सुटलेले कॅच नावानिशी लिहिते, लिहीतच आले आहे. म्हातारे जास्त सोडतात का पोरं, कळेल. आप्पा कबूल.

साखर संपली होती. आप्पांनी तसाच चहा प्यायला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सहाला मैदान. उंच कॅच, साठ. बॅट मीच धरते. खांदा दुखतो, दुखू दे. शिट्टी व.ची. टोकाला दातांच्या खुणा आहेत. काल साबणाने धुतली. खुणा राहिल्या.

सलीमने एकही सोडला नाही. तिघांनी एकेक सोडला. मग सगळे दूध कट्ट्यावर, जिथे गवळी समोरच म्हैस पिळून ग्लास भरतात. व.चा नियम: ज्याने कॅच सोडला त्याने टीमला म्हशीचं धारोष्ण दूध पाजायचं. तिघांनी मिळून पाजलं. सलीम मिशीवरचा फेस पुसत म्हणाला, "शेवटचा कॅच सोडला त्याला अकरा वर्षं झाली, तवापासनं फुकट पितोय. ही तब्येत तुमच्या जिवावर हाय, भावांनो."

१६ नोव्हेंबर, रविवार

आप्पांनी तीन पोरं आणली. त्यातला ओंकार वीस वर्षांचा, हुपरीहून पहिल्या एस.टी.ने येतो. घरी चांदीच्या पैंजणांचं काम, पॉलिशने बोटं काळी. पळतो जोरात. मॅचमध्ये तीन कॅच सोडले. सलीम शून्य.

कट्ट्यावर सलीम त्याला म्हणाला, "पावणं, रोज येत जावा. म्हशीबी वळखाय लागल्या तुमाला." सगळे हसले. ओंकारही हसला, जरा उशिरा.

वही माझ्या बाजूने बोलते आहे. बरं वाटायला हवं होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

जिंकलो. ओंकार सुटले २, धरले २. सलीम सुटले ०, धरला १.

बँकेने पुन्हा मृत्यूचा दाखला मागितला. दहा झेरॉक्स काढून ठेवल्या. रात्री भात.

३० नोव्हेंबर, रविवार

कट्ट्यावर ओंकार शेजारी येऊन उभा राहिला. "काकू, हात लावला तरच सुटला म्हणायचं न्हवं?"

हो म्हटलं.

"आणि गेलोच न्हाई तर?"

"तर तो कॅच नव्हताच."

"मग मी कशाला जातोय? हितनं पुढं न्हाई जात."

नियम सरांचा आहे, तुझ्या सोयीचा नाही, ग्लास उचल, असं सुनावलं. त्याने उचलला. आवाज शाळेतला निघाला. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत पी.टी. घेतली. तिथे कॅच सोडला म्हणून एकाही मुलीला दंड केला नव्हता. हे आज आठवलं. इथे मी कधी काही बोलले नाही. मैदान त्यांचं, माझी फक्त वही.

३ डिसेंबर, बुधवार

त्याचं वाक्य जाईना. सरावात मुद्दाम सलीमच्या डावीकडे, पाच पावलांवर, चेंडू उडवला. तीन पावलं गेला, मग थांबला. टप्पा पडू दिला. मग छान उचलला, छान फेकला. पुन्हा मारला. पुन्हा तेच. सहा वेळा.

ते थांबणं लक्षात येत नाही. वाटतं, चेंडूच लांब होता.

सलीमचं गादीचं दुकान आहे. मी ओरडले, "जन्मभर गाद्या भरल्यास आणि जमिनीवर पडायला भितोस?"

"एक गादी आणून टाकतो की काकू, मग पडतो."

सगळे हसले. मी नाही.

७ डिसेंबर, रविवार

वहीत दुसरा रकाना आखला. जिथे पोचता आलं असतं आणि गेलाच नाही, असे चेंडू. रकान्याला नाव सुचेना. कोरं ठेवलं.

सलीम: सुटले ०, दुसऱ्यात ४.
बाकीचे जुने: दुसऱ्यात ३, ३, २.
ओंकार: सुटले २, दुसऱ्यात ०. त्या दोनपैकी एकापर्यंत जुन्यांतलं कुणी पोचलंच नसतं. (न जाण्याची धमकी त्याने काही पाळली नाही.)

घरी आल्यावर मागच्या वह्या काढल्या. सलीमच्या नावापुढे शून्य. पान उलटलं, शून्य. अक्षर माझंच. दर शनिवारी व. दाढी करता करता विचारायचे, "काय म्हणते वही?" मी शून्य वाचून दाखवायची. त्यावर टीम ठरायची. न लिहिलेलं आता मोजता येत नाही.

आप्पा म्हणतात शिकवण्याचा उपयोग होत नाही. झाला की. दूध पाजावं लागू नये म्हणून कुठे थांबायचं, ते बावीस वर्षांत अकरा जणांना पक्कं शिकवलं आम्ही दोघांनी.

वह्या परत कपाटात. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. भांडी घासली.

१० डिसेंबर, बुधवार

नियम उलटा केला. जाता येत होतं आणि गेला नाही, त्याने दूध पाजायचं. गेला आणि सुटला, तर माफ.

कुरकुर झाली. "काकू, सरांचा नियम हाय त्यो. सर काय म्हटलं असतं..."

"सर नाहीत."

जरा मोठ्यानेच निघालं. मी शिट्टी वाजवली, पुढचा चेंडू मारला.

कट्ट्यावर सलीमने दूध पाजलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. गवळ्यानेच विचारलं, "आज तुमी?"

२८ डिसेंबर, रविवार

सलीमचा दुसरा रकाना २. चाराचे दोन झाले. गुडघा सुजलाय, सांगत नाही, लंगडतो ते दिसतं.

ओंकार चेंडूवर झडप घालतो, म्हणून सुटतो. म्हटलं, पॉलिश केलेलं पैंजण कसं घेतोस हातात? "हळू. डाग पडतो न्हाईतर." मग तसंच घे. हात मागे येऊ देत. त्यानंतर दोन उंच कॅच आले, दोन्ही धरले.

म्हणजे शिकवून सुधारतं. किंवा तो विशीत आहे म्हणून लगेच सुधारला. सलीमला चाराचे दोन करायला गुडघा द्यावा लागला.

११ जानेवारी, रविवार

आप्पा वही बघायला आले. पहिला रकाना बोटाने वाचत गेले. मग हात जोडले. "वैनी, हरलो. तुमचंच खरं. पोरं लई सोडत्यात, सलीम सोडत न्हाय. सभेत वही वाचून दाखवा, विषय संपला. सलीम हाय तिथंच ऱ्हाईल, तुमचं शिकवणं बी. सरांचा फोटो लावू क्लबात."

मग बोट पुढे सरकलं. "ह्यो रकाना कसला? नाव न्हाय ते."

"सरावाचा."

खोटं बोलले. आज चहात साखर होती. आप्पांनी दोन कप घेतले.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. शेजारच्या मुली तिळगूळ देऊन गेल्या. सराव झाला. फोटो कोणता द्यायचा ते शोधत होते. मैदानावरचा एकच सापडला, त्यात मागे सलीम पॉइंटला उभा आहे. दोन्ही हात गुडघ्यांवर, तेव्हाचा बारीक.

दुसरा रकाना वाचला तर सलीम जातो, आणि व.चा नियम चुकीचा होता हेही सगळ्यांना कळतं. नाही वाचला तर ओंकार पुढच्या वर्षी हुपरीतच.

२५ जानेवारी, रविवार

सलीमच्या डावीकडे उंच गेला. चार पावलं. पाचवं. पडला. चेंडू हातात आला होता, कोपर आपटलं आणि सुटला. उठून आधी चेंडू फेकला, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणजे वहीकडे.

लिहिलं. सलीम, सुटले १.

ओंकार धावत जाऊन त्याची माती झटकत होता. "भाई, गादी इसरलासा व्हय?" सलीमने त्याला एक शिवी हासडली. कोपरातून रक्त येत होतं, हसत होता.

आजच्या मॅचमध्ये दुसऱ्या रकान्यात त्याच्या नावापुढे काही नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

सभा सहाला. दुपारी आप्पांचा फोन. "वैनी, वही इसरू नका."

तीनला सलीम आला. कोपराला पट्टी. पायरीवरच बसला, आत ये म्हटलं तरी नाही.

"काकू, नवा रकाना बी वाचा सभेत."

तुला काय माहीत, विचारलं.

"तुमी लिवताना बघतोय की. मी थांबलो की तुमचं पेन चालतंय."

"वाचलं तर तू बाहेर."

"ते हायच. गुडघा तसाबी राजीनामा द्याय लागलाय."

"आणि सर?"

चपलेने पायरीवरची माती उकरत होता. मग म्हणाला, "सर म्हणायचे, हातात येणार असंल तरच जा. मी तेवढंच केलं. कॅच सोडलं असतील, काकू, तुमच्या वहीत न्हाईत एवढंच. पण सरांनी सांगितलेलं कधी सोडलं न्हाय."

पाणी प्यायला. ओंकारला पॉइंटला उभा करा, डावीकडे कमी पडतोय, तेवढं घोटून घ्या, असं सांगून गेला.

साडी बदलली. वही पिशवीत. शिट्टी चुकून गळ्यातच राहिली होती, काढली, मग पिशवीत टाकली. फोटो अजून टेबलावर आहे, कागदात गुंडाळलेला.

पावणेसहा. दुसऱ्या रकान्याला अजून नाव नाही. वाचायला उभी राहिले तर त्याला काहीतरी म्हणावं लागेल, सगळ्यांसमोर, मोठ्याने. रिक्षा आली.