मामा म्हण, मामा!

४ फेब्रुवारी
ताईची छोटी अडीच वर्षांची झाली तरी एकेकच शब्द बोलते, म्हणून ताई आणि दाजी तिला स्पीच थेरपिस्टकडे घेऊन गेले. घरात मी असताना! कॉल सेंटरमध्ये मी बोलण्याचाच पगार घेत होतो. (नोकरी गेली ती मॅनेजरला माझी हुशारी बघवली नाही म्हणून.) घरी बाबांच्या तोंडाला तोंड देण्यापेक्षा तूर्त ताईकडे बरं. आता भाचीला मीच बोलतं करणार. मग दाजी कसे म्हणतात बघू, की हा नुसता सोफा उबवतो.

५ फेब्रुवारी
शिकवणी सुरू. पहिला शब्द मामा. ओठ मिटायचे, उघडायचे, पुन्हा तेच. यात काय अवघड आहे? कार्टी ढिम्म. बिस्किट उंच धरून सांगितलं, मामा म्हण, तरच मिळेल. ती मांडीला कडकडून चावली. बिस्किट हातातून पडलं, ते तिने खाल्लं. दाजींवर गेलीये.

९ फेब्रुवारी
थेरपिस्टबाईंचे आदेश: टीव्ही बंद. सारखं "हे काय, ते काय" विचारू नका. कामं करताना तिच्याशी बोला आणि तिला बोलायला वेळ द्या. टीव्ही बंद म्हणजे मॅच कुणाची बुडाली? माझी. बाईंची फी दाजी देतात, यात सगळं आलं.

संध्याकाळी दाजी भांडी घासताना छोटीला सांगत होते, हा चमचा, चमचा ओला, चमचा पुसला. एवढं बोलता येतं या माणसाला! माझ्याशी लग्नापासून "हं"च्या पुढे गेले नाहीत.

१३ फेब्रुवारी
यश! "मामा" म्हणाली! घर डोक्यावर घेतलं मी.

नंतर कचरा न्यायला आलेल्या माणसालाही म्हणाली. समोरच्या कुत्र्यालाही. बंद पडलेल्या मिक्सरलाही. यावर दाजींचं म्हणणं, पोरीचं काही चुकत नाही, जे चालत नाही ते मामा. असल्या माणसाला ताईने पसंत केलं कसं?

२० फेब्रुवारी
दाजींनी फ्रिजवर नोकरीची जाहिरात चिकटवली. मला मामा बनवणं इतकं सोपं नाही. ताईकडून कबूल करून घेतलं: थेरपिस्टबाई घरी येतील तेव्हा छोटीने त्यांच्यासमोर दोन शब्द जोडून दाखवले, तर मी राहणार. नाहीतर बॅग भरणार. दाजी हसले. हसू देत.

२४ फेब्रुवारी
"मामा ये" शिकवतोय. मी खोलीत शिरलो की ती पलंगाखाली जाते. लाजते.

२८ फेब्रुवारी
बाई आल्या. सगळे खाली बसलो. मी छोटीला "मामा ये, मामा ये" सुरू करून दिलं, तर बाईंनी मलाच गप्प बसवलं. बसलो. मग छोटीने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "मामा जा."

दोन शब्द! जिंकलो! सगळ्यात जोरात टाळ्या माझ्या. अर्थ जरा उशिरा लक्षात आला. ताईच्या डोळ्यांत पाणी. बाई खूश होऊन म्हणाल्या, आता तिच्याच वाक्यात एकेक शब्द घालून परत म्हणा, मुलं अशीच शिकतात. दाजी तयारच होते: "मामा घरी जा." छोटीने लगेच म्हटलं. उच्चार स्वच्छ. शेवटी शिकवणी कुणाची!

मग ताईची पाळी आली. ताई माझी सख्खी बहीण. मी तिच्याकडे बघितलं. तिने छोटीच्या केसांवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "मामा उद्या घरी जा."