उंची, बुटासह

१८ नोव्हेंबर १९७४, सोमवार
आजपासून डायरी. सोलापूरच्या फॅशनचा इतिहास कुणीतरी लिहून ठेवायला हवा, आणि तो लिहू शकेल असा माणूस शहरात मी एकटाच आहे. बाकीचे चादरी विणतात.

नोंद: नवी पेठेत संध्याकाळी पाऊण तासात अकरा बेल-बॉटम दिसल्या. सर्वांत रुंद बावीस इंच. गेल्या महिन्यात वीसच्या वर कुणी नव्हतं. शहर जागं होतंय.

माझ्याविषयी: शिवपुत्र, वय सत्तावीस. चाटी गल्लीत रुद्रप्पाण्णांच्या साडीच्या दुकानात फॅशन ॲडव्हायझर. हजेरीपुस्तकात सेल्समन असं लिहिलंय, पण ते पुस्तक जुनं आहे. काम म्हणजे गादीवर उभं राहून साडी स्वतःच्या अंगावर नेसून गिऱ्हाइकाला दाखवायची. हे बाहेर कुणाला सांगायची गरज नाही.

२१ नोव्हेंबर
मोठी बातमी. लेडीज क्लबच्या अध्यक्षा शांतम्माबाई दुकानात आल्या होत्या. १५ डिसेंबरला सोलापुरात फॅशन शो. साड्या आमच्या दुकानाच्या, कॉलेजच्या सहा मुली त्या नेसून चालणार. पुरुषांच्या फॅशनचाही एक नमुना असावा असं म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. हरिबांचं म्हणणं, बाई तुझ्या मागच्या घड्याळाकडं बघत हुत्या.

हरिबा म्हणजे दुकानातले सर्वांत जुने. सांगोल्याकडचे, मिशीवाले, धोतर-शर्ट. बारा वर्षांपूर्वी मला साडी नेसून दाखवायला त्यांनीच शिकवलं. माणूस चांगला आहे पण व्हिजन नाही.

मालकांना सांगून टाकलं की नमुना मी. अण्णा म्हणाले, बरं, पण दुकानाचा टाइम सोडून.

२४ नोव्हेंबर, रविवार
मंद्रूपहून स्थळ आलंय. वडील नागप्पा, बरी शेती. मुलगी चन्नम्मा, डी.एड. झालेली. फोटो पाहिला. याआधी चार ठिकाणांहून नकार आलेत, त्यामुळे हे जमायलाच हवं. अव्वा, म्हणजे माझी आई, त्या फोटोसमोरून उठायला तयार नाही.

माझा फोटो स्टुडिओत काढून पाठवला, उभा, मित्राचे उंच टाचेचे बूट घालून. सोबत माहिती: व्यवसाय फॅशन ॲडव्हायझर, उंची पाच फूट सात. खरी पाच चार आहे. पण मी आता कायमच तसे बूट घालणार आहे, तेव्हा हे खोटं म्हणता येणार नाही.

२७ नोव्हेंबर
नागप्पांना मुलगा बघायला घरी यायचंय. मी कळवलं, घरचे कार्यक्रम जुने झाले, थेट फॅशन शोलाच या, पहिल्या रांगेचे पास पाठवतो. अव्वाला ही पद्धत पसंत नाही. तिला खरं कारण सांगितलेलं नाही. घरात बूट काढावे लागतात.

१ डिसेंबर
रॅम्पचा प्रश्न मी सोडवला. हॉलच्या स्टेजच्या फळ्यांना खिळे आहेत, साडीचे धागे ओढले जातील म्हणून अण्णा साड्या द्यायला तयार नव्हते. मी म्हणालो, आपलीच लाकडी तख्तं एकापुढे एक जोडू, वर दुकानातल्या गाद्या, वर पांढरी चादर. शांतम्माबाई म्हणाल्या, वा. अण्णा काही बोलले नाहीत, म्हणजे खूश होते. संपूर्ण कल्पना माझी, हे इथे नोंदवून ठेवतो.

५ डिसेंबर
बूट आले. येडूकडून करवून घेतले. येडू चपला शिवतो, पण मी त्याला मासिकातला फोटो दिला होता. तळ दोन बोटं जाड, टाच तीन इंच, लाकडी. फोटोतल्या माणसाचा एकच पाय दिसत होता, त्यामुळे डावा बूट येडूने अंदाजाने केलाय. तक्रार केली तर म्हणतो, दुसरा कसला हाय ते त्या बाबालाच ठावं. डावा किंचित उंच आहे. सवयीने होईल.

पँटही आली. चोवीस इंच बॉटम. मित्राचे बूट घालूनच माप दिलं होतं, त्यामुळे टाच पूर्ण झाकली जाते. मी मुळातच उंच आहे असं वाटतं.

गच्चीवर चालण्याचा सराव केला. अव्वाने खालून कानडीत विचारलं, वर म्हैस कुणी बांधली.

९ डिसेंबर
संकल्प: रोज वीस फेऱ्या. आज सहा झाल्या. घोटा दुखतोय.

हरिबांनी बूट पाहिले. म्हणाले, पडशील की रं. मग दुपारी गिऱ्हाईक नसताना माझ्या घोट्याला तेल चोळून दिलं. नको म्हणालो, पण बरं वाटलं.

१२ डिसेंबर, गुरुवार
घोटाळा. सहाही मुली नाही म्हणाल्या. म्हणजे त्यांचे वडील नाही म्हणाले. कुणीतरी उठवलं की वर्तमानपत्रात फोटो येणार. शांतम्माबाई दुकानात येऊन डोकं धरून बसल्या.

अण्णा शांतपणे म्हणाले, त्यात काय हाय? आमची माणसं रोज गादीवर नेसून दाखवत्यातच की. तितं पण गादीच हाय. शिवपुत्र आणि हरिबा नेसतील.

मंद्रूपची माणसं पहिल्या रांगेत आणि मी साडीत. मी लगेच म्हणालो की मला नमुना व्हायचंय आणि माईकवर निवेदनही करायचंय, तेव्हा साड्या सगळ्या हरिबांनीच नेसाव्यात, त्यांच्यासारखा हात कुणाचा नाही. शेवटचं वाक्य खरंच होतं.

हरिबा मला बाजूला घेऊन म्हणाले, दुकानात बाया साडी बघत्यात, माज्याकडं कोन बघत न्हाय. तितं लोक माज्याकडं बघतील. मी म्हणालो, कुणी हसणार नाही, माझी जबाबदारी. ते म्हणाले, तू माईकवर हायस न्हवं, मग सांबाळून घे म्हंजे झालं.

शब्द दिला.

१५ डिसेंबर, रविवार, सकाळी ६
आज. दाढी दोनदा केली. कार्यक्रम असा: मी रॅम्पवरून चालणार, शेवटी वळून एक क्षण थांबणार, चन्नम्माकडे बघणार पण बघितलं असं वाटू देणार नाही. नंतर माईक. चार दिवसांत मंद्रूपचा होकार.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
कार्यक्रम झाला. थोडा गोंधळ. उद्या लिहीन.

१६ डिसेंबर, सोमवार
थोडा गोंधळ म्हणजे असा.

हॉल भरला होता. नागप्पा पहिल्या रांगेत, पांढरा पटका, शेजारी चन्नम्मा. फोटोपेक्षा चांगली दिसते. माझं नाव पुकारलं. मी गादीवर पाय ठेवायला उचलला आणि पडद्याआडून अण्णांचा आवाज आला, ए, बूट काढ. गादीवर बूट? लक्ष्मी हाय ती.

बारा वर्षांत मी त्या गादीवर एकदाही पायात काही घालून चढलेलो नाही. सोलापुरात कुणीच चढलेलं नाही. रॅम्प गादीचा करायचा हे माझंच डोकं, आणि त्यावर बूट घालून चालायचं हेही माझंच. पंधरा दिवसांत या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना भेटल्याच नाहीत.

काढले. वाद घालायला वेळ नव्हता. पण पँट बुटाच्या मापाची. तीन इंच कापड पायाखाली, वर चोवीस इंची घेर. चार पावलं नीट गेली. पाचव्याला माझीच पँट माझ्या पायाखाली आली आणि मी दोन्ही हातांवर पडलो. लोक हसले. उठलो तर पुन्हा तेच. पुढे मी दोन्ही हातांनी पँट वर धरून चाललो, चिखलातून जातात तसा. नागप्पांनी माझ्या डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघितलं. त्यांना उंची कळली.

दोष येडूचा नाही. शिंप्याचा थोडा आहे.

हरिबा आज कामावर आले नाहीत. बहुतेक थकले असतील.

१७ डिसेंबर
काल सगळं लिहिलं नाही. ही डायरी कुणी वाचणार नाही, तरी हात अडला.

मी माईकपाशी पोहोचलो तेव्हा लोक अजून हसत होते. मग हरिबा आले. शर्ट-धोतरावरच नेसलेली जांभळी इरकल, रास्ता पेठी काठ. मिशी. पण त्यांनी दोनच पावलांत पदर असा सोडला की हॉल गप्प झाला. खरंच गप्प झाला. पुढच्या रांगेतल्या बायका वाकून काठ बघायला लागल्या. चन्नम्माही. हरिबांकडे कुणी बघत नव्हतं, साडीकडे बघत होते, अगदी दुकानात बघतात तसे.

ती शांतता मला सोसली नाही. मला वाटलं, आता लोकांना शेवटचं आठवणार ते माझं पडणं. हसू दुसरीकडे जायला हवं होतं. आणि मी माईकवर म्हणालो, सादर आहेत मिस सोलापूर, कुमारी हरिबा, वय सोळा, लाजू नका बाई, मिशी पदरात घ्या.

काय हसले लोक. माझ्या पडण्यावर हसले होते त्याच्या दुप्पट. मी आणखी एक विनोद केला. तो इथे लिहीत नाही.

हरिबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. गिऱ्हाइकाने सगळ्या साड्या उलगडायला लावून काहीच न घेता उठावं, तेव्हा ते जसे बघतात तसे. तिथेच उभे राहून साडी सोडली, घडी घातली, काठ जुळवले, गादीवर ठेवली. खाली उतरून वहाणा घातल्या आणि गेले. पुढच्या पाच साड्या कुणी नेसल्या नाहीत.

मला लाज वाटते. हे वाक्य तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा लिहिलं.

संकल्प: उद्या सकाळी हरिबांच्या घरी जाऊन पाय धरायचे.

१८ डिसेंबर
जायचं राहिलं. डोकं दुखत होतं.

१९ डिसेंबर
निघालो होतो. त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. त्यांच्या मंडळी केराबाई नळावर दिसल्या. त्यांनी मला बघितलं नसावं. परत आलो. उद्या नक्की.

२१ डिसेंबर
कळलं की हरिबा समोरच्या दुकानात लागले. आमच्या गादीवरून त्यांची गादी दिसते. आता बरंच झालं, रस्ता ओलांडला की माफी. गर्दी कमी असेल तेव्हा जाईन.

अण्णा मला एवढंच म्हणाले, बावीस वरसं हुता तो हितं.

२४ डिसेंबर
नागप्पांचं पत्र. पोस्टमनच्या हातून घेताना मी मनात उत्तर तयार केलं होतं: उंचीत तीन इंचांचा फरक फोटोग्राफरच्या चुकीने पडला. ते उत्तर लागलंच नाही. पत्र जसंच्या तसं उतरवतो.

उंचीविषयी आमची तक्रार नाही, आमची चन्नम्माही काही फार उंच नाही. शो सुरू व्हायच्या आधी आम्ही बाहेर बसलो होतो तेव्हा ते मिशीवाले मामा आपणहून आमच्याजवळ आले. तुमच्याविषयी अर्धा तास चांगलं सांगत होते. पोरगं लई गुणाचं हाय, जरा बुटाचा नाद हाय, लग्नानंतर जाईल, असं म्हणाले. त्यामुळे आम्ही होकार ठरवूनच आत आलो होतो. नंतर तुम्ही त्यांना माईकवर जे बोललात ते मुलीने ऐकलं. ती नको म्हणते. मी तिला समजावलं नाही.

अव्वाने विचारलं काय लिहिलंय. मी सांगितलं, पत्रिका जुळत नाही. तिने फोटो ट्रंकेत ठेवला.

२५ डिसेंबर ते १६ जानेवारी
काही लिहिलं नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत अठ्ठावीस इंची बॉटम दिसली म्हणतात. मी बघायला गेलो नाही.

६ फेब्रुवारी १९७५, गुरुवार
दुपारी अडीच वाजता मंद्रूपची माणसं दुकानात आली. नागप्पा, चार बायका आणि चन्नम्मा. तिचं लग्न ठरलंय, नवरा माढ्याला मास्तर आहे. बस्त्याची खरेदी. मी गादीवर होतो, अंगावर अर्धी नेसलेली पिवळी साडी, पदर काढायचा बाकी. लपायला जागा नव्हती.

नागप्पांनी नमस्कार केला. चन्नम्माने आजूबाजूला बघितलं आणि मलाच विचारलं, इथं ते मामा होते ना, जांभळी इरकल दाखवलेले, ते कुठं आहेत? मला त्यांच्याकडूनच घ्यायचीय.

मी ते इथे नाहीत म्हणू शकलो असतो. आमच्याकडेही जांभळी इरकल आहे म्हणू शकलो असतो. अण्णा आत जेवत होते. मी साडी सोडली, खाली उतरलो आणि त्यांना समोर घेऊन गेलो. दीड महिना जो रस्ता ओलांडता आला नाही तो पंधरा पावलांचा निघाला. पायात काही घालायचंही सुचलं नाही.

मनात ठरवलं होतं, सगळ्यांसमोर पाय धरायचे. त्यांना हसवलं होतं सगळ्यांसमोर, तेव्हा हेही सगळ्यांसमोर.

हरिबा गादीवर होते. मंद्रूपच्या मंडळींना ओळखलं, आनंदले, पोरी, ये, म्हणाले. तिच्यासमोर लगेच जांभळी उलगडायला घेतली. मग मी दिसलो. मला वाटलं, शिव्या देतील. शिवी दिली असती तर मी पाय धरले असते. त्यांनी मला बारा वर्षं शिवपा, लेका, अशीच हाक मारलेली आहे.

आज म्हणाले, या साहेब, बसा. आपल्याला काय दाखवू? आणि माझ्यासाठी पाणी मागवलं.

मी म्हणालो, काही नको. पाणी मात्र प्यायलो, कारण गिऱ्हाइकाने पाण्याला नाही म्हणायचं नसतं, हेही त्यांनीच शिकवलेलं. ग्लास ठेवला. ते तोपर्यंत पदर काढायला वळले होते. मी परत आलो आणि माफीचा एक शब्दही माझ्या तोंडून निघाला नाही.