उघड्या डोक्याचा फोटो

शिक्षकांची खोली,
बुधवार, १२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तू बरी असशीलच. आईचा गुडघा आता वाकतो. जिना चढताना ती तुझं नाव घेऊन मला शिव्या घालते, म्हणजे तब्येत सुधारली आहे. तुझा फोन लागत नाही, की फक्त मला लागत नाही, हे विचारणार नाही.

सहामाहीचे पेपर तपासतेय. बास्केटबॉलच्या मैदानावर नव्या जाळ्या लागल्या. मुलींचा सराव चालू आहे. संघात एक जागा रिकामी आहे.

टोळ खेळत नाही. आमची ती उंच उडी मारणारी, डोक्याला काळं फडकं बांधणारी पोर. चाई पडून तिचे केस गेले, तेव्हापासून ते फडकं. नियमाप्रमाणे डोक्यावर दोन बोटांपेक्षा रुंद पट्टी चालत नाही. तू पंच असलीस की सामन्याआधी तिला कोपऱ्यात घ्यायचीस, गाठ चाचपायचीस आणि म्हणायचीस, "पिन काढ, टोक आत खोच, पळ."

माझं मत आजही तसूभर हललेलं नाही. पंचाने धक्का बघावा, चेंडू रेषेबाहेर गेला का ते बघावं. शर्ट खोचलाय का, मोजे एका रंगाचे आहेत का, केस कसे बांधलेत, हे शोधणारा माणूस खेळ बघत नसतो. तो पोरींना बघत असतो. ज्यांना ज्यांना माणसं वाकवायची होती, त्यांनी सुरुवात कपड्यांपासून केली. आंतरशालेय मंडळाच्या सभेत मी हे बोलले आणि टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मला थांबता येत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

म्हणून पुढचं बोलले. "हा नियम इतका पोकळ आहे, की तुमच्या सर्वांत ज्येष्ठ पंचबाईसुद्धा तो पाळत नाहीत!"

तू तिसऱ्या रांगेत होतीस. अध्यक्षांनी विचारलं, "खरं का हे?" तू उभी राहिलीस. "हो. ज्याने कोणाला इजा होईल ते मी काढायला लावते. बाकीचं मला दिसत नाही."

हे तू मला स्वयंपाकघरात, भाजी निवडताना सांगितलं होतंस. बहिणीला. मी ते माईकवरून सांगितलं. वाटलं, तुझा दाखला दिला की नियम पडेल. नियम उभाच आहे. तुला पंचांच्या यादीतून काढलं.

आणि ठराव माझ्या बाजूने झाला, ताई! पंचांनी पोशाख तपासायचा नाही. तपासणी आता कार्यालयात, फोटोवरून. फोटो उघड्या डोक्याचा. त्याशिवाय खेळाडूचं ओळखपत्र नाही.

मी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन भांडायला गेले. कारकून म्हणाला, "बाई, डोळेझाक करायची तर ती पंचांनी. त्यांचा संबंध नको, असं तुम्हीच म्हणालात. माझ्याकडे चिठ्ठीसाठी रकानाच नाही." वर चहा पाजला त्याने. भांडण तिथेच विझलं.

टोळला फोटोग्राफरकडे नेलं. पडदा ओढला, बाकीच्यांना बाहेर काढलं. ती स्टुलावर बसली, हात गाठीपर्यंत गेला आणि खाली आला.

"हा फोटो कोण कोण बघणार, बाई?"

मला खोटं बोलता आलं नाही. ती उठली. जिना उतरताना म्हणाली, "त्या पंचबाई बोटांनी बघायच्या. डोळे दुसरीकडे असायचे."

आता सरावाच्या वेळी ती मागच्या फाटकाने घरी जाते. मी हाक मारत नाही. काय सांगू हाक मारून?

एक सांगायचं राहिलं; खरं तर टाळत होते. फोटो तपासायच्या समितीवर मंडळाने मला घेतलंय. मी नाही म्हटलं असतं तर तिथे फूटपट्टी घेऊन फिरणारे ते शिस्तीचे सर बसले असते, म्हणून हो म्हटलं. वाटलं, तुझ्यासारखी मीही सोडत जाईन. पण प्रत्येक फोटोवर तिघांच्या सह्या लागतात, आणि बाकीच्या दोघांना सगळं दिसतं. आज पहिला गठ्ठा झाला. एका मुलीने केसांची एक बट रंगवली होती. तिचा फोटो परत गेला. त्यावर माझीही सही आहे.

मी माफी मागत नाही. तू देऊन टाकशील, आणि उद्या दुसरा गठ्ठा यायचा आहे.

तुझी,
धाकटी